दारावरची पाटी : छोटे रुग्णालय आणि शासकीय आरोग्य विमा

(वैद्यकीय व्यावसायिक व सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘शासकीय आरोग्य विमा योजनेत रुग्णालयाची नोंदणी’ हे आजच्या विषयाचे शीर्षक एखाद्या परिपत्रकातून उचलल्यासारखे वाटते. कार्यकर्त्यांना वाटेल, हा डॉक्टरांचा प्रश्न. डॉक्टरांना वाटेल, हा लेखापालाचा प्रश्न. आणि लेखापाल म्हणेल, हा संगणकावर बसणाऱ्या मुलाचा प्रश्न. प्रत्यक्षात तो कोणाचा आहे, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. चित्र कल्पनेतले आहे. पण महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बस स्थानकासमोर उभे राहिले तर ते दिसू शकते.

बारा खाटांचे शुश्रूषागृह. पती अस्थिरोगतज्ज्ञ, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ. वीस वर्षांचा व्यवसाय, गावात नाव, वेळप्रसंगी बिलावर काट मारण्याची सवय. एका सायंकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून साठीच्या एका शेतमजूर बाईंना आणले जाते. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. डॉक्टर क्ष-किरण प्रतिमा पाहतात. शस्त्रक्रिया लागेल, ती इथेच होण्यासारखी आहे, असे सांगतात. मुलगा खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली केशरी शिधापत्रिका काढतो आणि विचारतो, “डॉक्टरसाहेब, हे कार्ड इथं चालतं का?”

“इथं नाही चालत, दादा. जिल्ह्याला न्यावं लागेल.”

ऐंशी किलोमीटर. मोडलेला खुबा घेऊन. अन्यथा याच गावात रोख पैसे भरून शस्त्रक्रिया, म्हणजे दावणीची गाय किंवा सावकाराचा उंबरा. येथे डॉक्टर निर्दय नाहीत आणि शासनाने काहीच केले नाही असेही नाही. कुशल हात आहेत, योजना आहे, रुग्ण पात्र आहे. या तिघांना जोडणारी दारावरची पाटी मात्र नाही. ती पाटी का लागत नाही आणि लावायची तर काय करावे लागते, एवढाच आजचा विषय आहे.

खासगी दवाखान्याने शासकीय विम्याचा रुग्ण पाहणे ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या वर्षांत औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९४४मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर स्वतंत्र भारतात १९४८चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. १९५४मध्ये ती मुंबईत आली. गिरणगावातील जुन्या पिढीला ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द आजही आठवत असेल. चाळीच्या तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा दवाखाना, दारावर विमा योजनेची पाटी, बाहेर बाकावर पाळी संपवून आलेले कामगार. कामगाराने आपला डॉक्टर निवडायचा आणि त्याच्या यादीत नाव लावायचे. डॉक्टरला पैसे मिळत ते प्रत्येक भेटीचे नव्हेत, तर यादीतील माणशी ठरलेल्या वार्षिक दराने. कामगार वर्षभरात एकदाही आजारी पडला नाही तरी डॉक्टरला तेवढेच, आणि दहा वेळा आला तरी तेवढेच.

त्या पद्धतीला दोष होते. औषधांच्या रांगा होत्या, रजेच्या दाखल्यांचे गैरप्रकार होते, दर तुटपुंजे असल्याची तक्रार तर सतत होती. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेने ओळखली होती : विमा योजनेचा पहिला दरवाजा हा वस्तीतला साधा डॉक्टर असतो. आजच्या योजनांत हा डॉक्टर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना काय किंवा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही मूलतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. बाह्यरुग्ण तपासणी त्यांत येत नाही. त्यामुळे केवळ सल्ला देणारा, एका टेबलावर चालणारा दवाखाना कितीही नामांकित असला तरी त्याला या योजनेत स्थान नाही. ताप, मधुमेह, रक्तदाब यांवर वर्षानुवर्षे औषधे घेणाऱ्या घराचा महिन्याचा खर्च पूर्वीसारखाच खिशातून जातो. ही उणीव मोठी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. येथे बसलेल्या ज्या डॉक्टर बंधूंचा दवाखाना बिनखाटांचा आहे, त्यांनी नोंदणीसाठी धावपळ करू नये, हे आधीच सांगितलेले बरे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर १९९७मध्ये जीवनदायी योजना आली. मोजके गंभीर आजार आणि मर्यादित साहाय्य असे तिचे स्वरूप होते. २००७मध्ये आंध्र प्रदेशाने आरोग्यश्री सुरू केली. २००८मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला तीस हजार रुपये होती. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत नव्या स्वरूपातील जीवनदायी योजना लागू झाली आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर पसरली. दीड लाखांचे संरक्षण आणि ९७२ प्रक्रिया. २०१७मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून आयुष्मान भारतचा प्रारंभ झाला, कुटुंबामागे पाच लाख रुपये. आणि १ एप्रिल २०२०पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या.

मध्यमवर्गीय घरांच्या दृष्टीने खरा बदल त्यानंतरचा आहे. २०२३मध्ये राज्य शासनाने संरक्षण पाच लाखांवर नेऊन ते सर्व शिधापत्रिकाधारकांना, म्हणजे पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही, देण्याचा निर्णय घेतला. १ जुलै २०२४पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यापुढील सर्व ज्येष्ठांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड आले. याचा अर्थ, ‘ती गरिबांची योजना, आपला काय संबंध?’ असे म्हणणारा निवृत्त शिक्षक आज स्वतः लाभार्थी आहे. त्याच्या मोतीबिंदूचा, गुडघ्याचा, हृदयाचा प्रश्न आता याच पाटीपाशी येऊन थांबतो. पात्र माणसांची संख्या वाढली, पण दारे त्या प्रमाणात वाढली का? राज्यात संलग्न रुग्णालयांची मर्यादा बराच काळ एक हजार होती. २०२३च्या निर्णयाने ती साडेतेराशे करण्यात आली. देशभरात आज तीस हजारांहून अधिक रुग्णालये आयुष्मान भारतमध्ये आहेत. त्यांपैकी खाटा असलेली सरकारी रुग्णालये आपोआप संलग्न मानली जातात. खासगी रुग्णालयाला मात्र स्वतःहून अर्ज करावा लागतो.

आता त्या अर्जाकडे वळू.

अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो. जिल्हास्तरावर कागद तपासले जातात, पथक प्रत्यक्ष येऊन पाहणी करते, अहवाल राज्यस्तरावर जातो आणि अंतिम निर्णय तेथे होतो. महाराष्ट्रात हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. निर्णय अनुकूल झाला की करार होतो, प्रणालीत प्रवेशाची कळ मिळते, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण होते आणि आरोग्यमित्राचा कक्ष उघडतो. ऐकायला सुटसुटीत वाटते. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी माणसाने उगाच रचलेली नाही. तरी अनुभवी मंडळी सांगतात की, विलंबाचा मोठा भाग कार्यालयात होत नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या कपाटात होतो.

त्या कपाटात काय असावे लागते? सर्वांत आधी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९खालील चालू नोंदणी. हे प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि अनेकदा त्याची मुदत संपल्याचे लक्षात येते ते नेमके अर्जाच्या दिवशी. प्रमाणपत्रावरील खाटांची संख्या आणि प्रत्यक्षातील खाटा जुळल्या पाहिजेत. दहा खाटांची नोंदणी असताना पंधरा खाटा मांडलेल्या असणे ही आपल्याकडील सर्रास गोष्ट आहे. नेहमीच्या दिवशी ती कोणाला खुपत नाही, पाहणीच्या दिवशी खुपते. केंद्रीय निकष किमान दहा खाटांचा आहे आणि दोन खाटांत पुरेसे अंतर हवे.

त्यानंतर जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र. २०१६च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वर्गीकरण आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी करार. सोनोग्राफी यंत्र असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील नोंदणी, क्ष-किरण यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, स्वतःचे औषध दुकान असेल तर त्याचा परवाना, नसेल तर जवळच्या दुकानाशी करार. रक्तपेढी व प्रयोगशाळा यांच्याबाबतही तसेच. डॉक्टरांची पदव्युत्तर प्रमाणपत्रे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, परिचारिकांची परिषदेकडील नोंदणी, स्थायी खाते क्रमांक, रद्द केलेला धनादेश. शिवाय अलीकडे आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली रुग्णालयाची व डॉक्टरांची नोंद करून तिचे क्रमांक जोडावे लागतात. अगदी साधी अडचण सांगायची तर स्थायी खाते क्रमांकावर डॉक्टरांचे नाव, बँकेत रुग्णालयाचे नाव आणि शुश्रूषागृहाच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचे रुग्णालय, अशी त्रेधा असते. तीन कागदांवर तीन नावे असली की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

अग्निसुरक्षेबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. ‘त्या एका दाखल्यापायी अडले’ असा त्रासिक सूर नेहमी ऐकू येतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली आणि दहा बालके दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पुन्हा आग, पुन्हा मृत्यू. ही दोन्ही रुग्णालये शासकीय होती, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे; नियम खासगी रुग्णालयाला लावणाऱ्या यंत्रणेने आरशातही पाहिले पाहिजे. पण म्हणून बारा खाटांच्या शुश्रूषागृहातील एकमेव जिन्यात प्राणवायूची रिकामी नळकांडी रचून ठेवणे योग्य ठरत नाही. २००६च्या राज्य अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करायचे असते. किती शुश्रूषागृहे हे दरवर्षी न चुकता करतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. जुन्या इमारतीत, वर घर आणि खाली दवाखाना अशा रचनेत, दुसरा जिना काढणे कठीण असते हे खरेच. तेथे जागेचाच विचार नव्याने करावा लागतो, आणि तो खर्च योजनेतून निघेल या भ्रमात राहू नये.

दुसरी अवघड जागा रात्रपाळीची. चोवीस तास पात्र डॉक्टर आणि परिचारिका प्रत्यक्ष हजर हव्यात, असा नियम आहे. तालुक्याच्या गावी रात्री निवासी म्हणून थांबतो तो बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा तरुण पदवीधर. एमबीबीएस झालेला मुलगा पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासात गुंतलेला किंवा शहरात. तपासणी पथक हजेरीपुस्तक उघडते, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. कागदावर एक नाव आणि कक्षात दुसराच माणूस, असा मार्ग काही जण काढतात. तो काढू नये. उद्या एखादा रुग्ण रात्री दगावला तर त्या कागदाची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते. दोन-तीन शुश्रूषागृहांनी एकत्र येऊन मोठे, नियमांत बसणारे रुग्णालय उभे करावे, हा उपाय काही गावांत होऊ शकतो. मराठी माणसाला सहकारातून साखर कारखाना उभारता येतो, तर दोन शल्यचिकित्सकांना एक शस्त्रक्रियागृह वाटून घेता येऊ नये का? पण डॉक्टरांचे आपसांतले मानापमान हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

विशेष शाखांची निवड करताना घाई करू नये. अर्जात अनेक शाखांवर खूण करणे सोपे असते. पण प्रत्येक शाखेसाठी तज्ज्ञ, साहित्य आणि शस्त्रक्रियागृह यांची पडताळणी होते. आठवड्यातून एकदा जिल्ह्याहून येणाऱ्या तज्ज्ञाच्या भरवशावर शाखा दाखवली आणि रुग्ण सोमवारी आला, तर त्याला गुरुवारपर्यंत झोपवून ठेवणार काय? आपल्या घरच्या माणसांच्या बळावर ज्या शाखा वर्षभर चालतील त्याच घ्याव्यात. हेही लक्षात असावे की काही प्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. त्या का राखीव ठेवल्या, याचे उत्तर सुखद नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. शासनाच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांतील किती शस्त्रक्रिया आवश्यक होत्या, यावर वाद झाला. परंतु तिशी-पस्तिशीच्या इतक्या स्त्रियांवर ही वेळ येते, तेव्हा समाजाने आणि वैद्यकानेही मान खाली घालावी, हे निर्विवाद.

आता पैशांकडे येऊ, कारण पाटी न लागण्याचे मुख्य कारण तेथेच आहे, आणि ते सभागृहात मोकळेपणाने बोलले जात नाही.

योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. त्या एका रकमेत खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, साहित्य आणि जेवण असे सर्व येते. महाराष्ट्राच्या योजनेत घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधे आणि परतीचा प्रवासखर्चही. रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. दर अपुरे आहेत, अशी डॉक्टरांची जुनी तक्रार आहे आणि अनेक उपचारांबाबत ती रास्त आहे. गुणवत्तेचे ‘एनएबीएच’ मानांकन घेतलेल्या रुग्णालयाला केंद्रीय नियमांत वाढीव दर आहे, प्रवेशस्तराला दहा टक्के आणि पूर्ण मानांकनाला पंधरा टक्के. छोट्या शुश्रूषागृहाने निदान प्रवेशस्तराचे मानांकन घ्यावे, ते खर्चाच्या मानाने परवडते.

पण दरापेक्षाही जाचक गोष्ट म्हणजे विलंब. मार्गदर्शक सूचनांनुसार राज्यांतर्गत दावा पंधरा दिवसांत निकाली निघावा. प्रत्यक्षात काय होऊ शकते, ते एका काल्पनिक हिशोबाने पाहू. समजा, आपल्या बारा खाटांपैकी सहा योजनेच्या रुग्णांना दिल्या आणि महिन्याला सहा लाखांचे दावे झाले. त्यासाठी पगार, औषधे, इम्प्लांट, जेवण यांवर चार लाख रोख गेले. पैसे पंधरा दिवसांत आले तर गाडी सुरळीत. तीन महिने अडकले तर बारा लाख रुपये डॉक्टरने स्वतःच्या खिशातून घातलेले असतात. साठ खाटांचे रुग्णालय बँकेच्या पतमर्यादेवर हे सोसते, बारा खाटांचे नाही. औषध विक्रेत्याचा दूरध्वनी रोज येतो, परिचारिकेचा पगार थांबवता येत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये हरयाणातील खासगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणावरून योजनेतील उपचार थांबवण्याचे पाऊल उचलले होते. तेथे रुग्णांचे हाल झाले आणि दोष कोणाचा यावर बरीच चर्चा झाली. शासनाने घोषणा मोठी करावी आणि उधारी छोट्या डॉक्टरने सांभाळावी, ही रीत न्याय्य नाही. ज्या योजनेवर देशाने इतकी आशा ठेवली आहे, तिच्याबद्दल हे स्पष्ट बोलणे हेच तिच्याशी खरे इमान आहे.

याची दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. दावे अडकतात त्यांतले बरेचसे कागदांतल्या त्रुटींनी. पूर्वपरवानगी एका प्रक्रियेची आणि शस्त्रक्रिया दुसरीच. इम्प्लांटचा क्रमांक असलेली चिकटपट्टी नोंदपत्रावर लावायची राहून गेली. शस्त्रक्रियेनंतरची क्ष-किरण प्रतिमा काढली, पण तीवर रुग्णाचे नाव नाही. रुग्णाचा खाटेवरील फोटो घेतला नाही. घरी सोडतानाच्या सारांशातील तारीख आणि भूलतज्ज्ञाच्या टिपणातील तारीख वेगळी. डॉक्टर म्हणतात, “आम्ही रुग्ण बरा करायचा की फोटो काढत बसायचे?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु मुंबईत संगणकासमोर बसलेल्या तपासनीसाला रुग्ण दिसत नाही, कागदच दिसतात. यासाठी एक चलाख, टापटिपीचा माणूस नेमणे हाच उपाय. गावातील पदवीधर मुलगी हे काम महिन्याभरात शिकते. तिचा पगार हा खर्च समजू नये.

इतकी कठोर तपासणी कशासाठी, असे वाटत असेल तर महालेखापरीक्षकांचा ऑगस्ट २०२३मधील अहवाल आठवावा. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थींच्या नावासमोर एकच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदलेला त्यात आढळला, सगळे नऊचे आकडे असलेला. नोव्हेंबर २०२४मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातील एका गावात शिबिर भरवले, एकोणीस जणांना शहरात आणले, सात जणांवर हृदयाची अँजिओप्लास्टी केली. दोघे मरण पावले. पुढे पोलीस कारवाई झाली. शिबिर हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांना फार जवळचा आहे. गावात बस पाठवून रुग्ण गोळा करायला सांगणाऱ्या रुग्णालयाला होकार देण्यापूर्वी त्याच्याबद्दल चार ठिकाणी चौकशी करावी. नाहीतर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, एवढ्यावरच हे थांबत नाही. जाते ते माणूस.

एक गल्लत दूर करून पुढे जाऊ. धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा ही या योजनेहून वेगळी गोष्ट आहे. विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ ‘अ अ’ आणि २००६मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्या रुग्णालयाच्या दारावर विमा योजनेची पाटी नसली तरी हे कर्तव्य सुटत नाही. कार्यकर्त्याने रुग्ण घेऊन जाताना दोन्ही खिडक्या ठाऊक ठेवाव्यात.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम भरपूर आहे, आणि त्यातले बरेच रुग्णालयाच्या बाहेरचे आहे. वस्तीतील प्रत्येक घराची शिधापत्रिका आणि आधार यांतील नावे जुळतात का, हे आजार येण्यापूर्वी पाहून ठेवावे. ‘सुमनबाई’ एका कागदावर आणि ‘सुमन’ दुसऱ्यावर, एवढ्यावरून मध्यरात्री अडलेली कुटुंबे थोडी नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते आणि तिचेच बाळंतपण गुंतागुंतीचे होते. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांची कार्डे अजून काढली नसतील तर एका रविवारी वाड्यात, सोसायटीत बसून काढता येतात. आणि आपल्या तालुक्यात कोणत्या शाखेचे उपचार योजनेत मिळतात, कोणते मिळत नाहीत, याचा तक्ता लिहून ठेवावा. अस्थिरोगासाठी एकही संलग्न रुग्णालय नाही, असे तक्त्यात दिसले तर तो तक्ता घेऊन आधी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि मग त्या बस स्थानकासमोरच्या डॉक्टर दाम्पत्याकडे जावे. मागणी घेऊन नव्हे, मदत घेऊन. कागद जुळवायला एक सेवानिवृत्त लेखापाल आणि संगणकावर भरायला एक विद्यार्थी देऊ, असे सांगावे. हुतात्मा व्हा असे कोणत्याही डॉक्टरला सांगू नये. सहा खाटांचा हिशोब जमत नसेल तर चार द्या. एक शाखा द्या. पहिले सहा महिने बघा.

डॉक्टर मंडळींसाठी शेवटचे काही व्यावहारिक मुद्दे. करारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, विशेषतः निलंबन व दंडाची कलमे. रुग्णाकडून ‘बाहेरून आणलेल्या’ औषधाचे पैसे घेणे हे नियमभंगातच मोडते. रक्कम परत, वर दंड आणि प्रकार पुन्हा पुन्हा घडल्यास नोंदणी रद्द. आपल्या नकळत औषध दुकानदार ते करत असेल तरी उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. दाव्याच्या रकमेतून उगमस्थानी करकपात होते, तिचा मेळ वर्षअखेरीस नव्हे, दर महिन्याला घालावा. दावा नामंजूर झाला तर तक्रार निवारणाचे टप्पे आहेत; मुदतीत, लेखी आणि पुराव्यांसह दाद मागणाऱ्यांचे दावे पुन्हा उघडलेले आहेत. प्रमाणपत्रांच्या मुदती एका मोठ्या कागदावर लिहून तो शस्त्रक्रियागृहाबाहेर लावावा, जेथे रोज नजर जाते.

आणि पाटी लागलीच, तर ती जिन्याखाली किंवा झाडाच्या कुंडीमागे नको. प्रवेशद्वारापाशी, मराठीत, मोठ्या अक्षरांत : कोणत्या शाखांचे उपचार येथे योजनेत होतात, आरोग्यमित्र कोठे बसतो, आणि खाली मदतीचे क्रमांक, राज्य योजनेचा १५५३८८ व केंद्राचा १४५५५. ट्रॉलीतून आलेल्या त्या मुलाला रात्री साडेनऊ वाजता, दिव्याच्या उजेडात, ती वाचता आली पाहिजे.